पिलाला नाकारणारी आई



येरमाळ्यात उभे राहून आईविषयी बोलायचे म्हणजे थोडे धाडसच आहे. चैत्री पौर्णिमेला ज्या गावी लाखो माणसे येडाईच्या ओढीने येतात, चुन्याचे खडे वेचतात, ज्या गावात पायाला ठेच लागली तरी तोंडातून ‘आई’ हाच शब्द निघतो, त्या गावात आम्ही विषय घेतला आहे तो आपल्या पिलाला लाथ मारणाऱ्या आणि प्रसंगी त्याला ठारही करणाऱ्या आईचा. कोणाला तो अभद्र वाटेल. पण ज्याच्या दारात शेळी बांधलेली आहे त्याला तो मुळीच नवा नाही. शेळी व्यायली, दोन करडे झाली. एकाला तिने चाटून कोरडे केले, आणि दुसरे लटपटत कासेजवळ आले की ती डोके खाली घालून त्याला ढुसणी देते. घरातली म्हातारी म्हणते, ‘कैदाशीण हाय, पोटच्याला वळखत नाय.’ चार दिवसांत ते करडू मरते आणि पुढच्या बाजारी शेळीही खाटकाच्या हाती जाते. आमचे आजचे बोलणे मुख्यतः या शेळीची बाजू मांडण्यासाठी आहे.

ही शेळी म्हणजे साधीसुधी शेळी नव्हे. जिल्ह्याचे नाव २०२३ साली धाराशिव झाले, पण शेळी मात्र देशभर उस्मानाबादी म्हणूनच ओळखली जाते आणि बहुधा तशीच ओळखली जाईल. बहुतेक काळ्या रंगाची, उंचीपुरी, बाभळीच्या पाल्यावर आणि बांधावरच्या झुडपांवर गुजराण करणारी आणि आपल्या बालाघाटाच्या कोरड्या माळावर तग धरणारी अशी ही जात आहे. एका वेताला दोन करडे होणे हे तिच्यात नेहमीचे, आणि तीनही अधूनमधून होतात. ज्या घराला जमीन नाही, किंवा असून नसल्यासारखी आहे, त्या घरात दोन शेळ्या म्हणजे बाईच्या हातची पेढीच असते. मुलाची फी, दवाखाना, लग्नाचा आहेर, सारे त्या करडांतून निघते. तेव्हा एका करडाला आईने नाकारणे ही त्या घराच्या वर्षाच्या कमाईतली खोट असते, आणि पुढे शेळीच विकली गेली तर पेढीच बुडते.

आता मुळाशी जाऊ. आपली सर्वांची समजूत अशी असते की आईपण हे पोटातच असते; पिलू बाहेर आले की ते आपोआप वाहू लागते, पान्हा फुटावा तसे. ज्या आईत ते वाहत नाही तिच्यात काही पाप किंवा विकृती असली पाहिजे. पण शेळीकडे नीट पाहिले तर ही समजूत टिकत नाही. जी शेळी आज आपल्या करडाला चाटते आहे, तीच काल, व्यायच्या आदल्या दिवशी, दुसरीचे करडू जवळ आले तर त्याला उडवून लावत होती. म्हणजे माया तिच्या अंगात पेटीत ठेवल्यासारखी तयार नव्हती. ती या काही तासांत उत्पन्न झाली. कशाने झाली, हे शास्त्रज्ञांनी गेल्या साठ-सत्तर वर्षांत पुष्कळसे उलगडले आहे.

पाच महिने गर्भ वाढत असताना रक्तातले स्राव बदलत जातात आणि मेंदू व कास दोन्ही तयार होऊ लागतात. पण शेवटची कळ खऱ्या अर्थाने काम करते ती व्यायच्या वेळची. पिलू बाहेर येताना जननमार्गावर जो ताण पडतो त्याची वर्दी मेंदूला पोहोचते आणि तेथे ऑक्सिटोसिन नावाचा स्राव सुटतो. इंग्लंडमध्ये केव्हर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली मेंढ्यांवर प्रयोग करून या ताणाचे महत्त्व दाखवून दिले. पुढे फ्रान्समध्ये असेही दिसले की व्यायच्या वेळी कमरेत औषध टोचून ही जाणीव बधिर केली तर मेंढीचे पिलाकडे लक्ष लागण्यात व्यत्यय येतो. आणखी एक मौज पाहा. पिलाच्या अंगावरचे ते ओले चिकट पाणी एरवी मेंढीला नकोसे असते, त्याच्या वासानेच ती तोंड फिरवते. व्यायच्या सुमारास मात्र थोडा वेळ तोच वास तिला खेचून घेतो. ती चाटू लागते, आणि चाटता चाटता या एका पिलाचा वास तिच्या मेंदूत कोरला जातो. त्यानंतर हेच पिलू तिचे आणि बाकीची सारी परकी.

किती वेळ लागतो या कोरण्याला? अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातले पीटर क्लॉप्फर आणि त्यांचे सहकारी यांनी १९६४ साली शेळ्यांवर केलेला प्रयोग मोठा बोधक आहे. ज्या शेळ्यांना व्याल्याबरोबर केवळ पाच मिनिटे करडू जवळ मिळाले, त्यांनी पुढे काही तास ताटातूट झाल्यावरही त्याला ओळखले आणि पाजले. ज्यांच्यापुढून करडू जन्मताच उचलले गेले आणि तासाभराने परत आणले, त्यांतल्या बहुतेकींनी त्याला ढुसण्या देऊन हाकलले. करडू तेच आणि पोटही तेच, फरक होता तो पहिल्या पाच मिनिटांचा.

आता आपल्या गोठ्यात काय होते ते आठवा. पौषातली थंडी, रात्रीची वेळ, शेळी व्यायली. घरातले माणूस जागे होते आणि चांगल्या हेतूनेच ओले करडू उचलते, गोणपाटाने खसाखसा पुसते, चुलीपाशी उबेला नेऊन डालग्याखाली ठेवते. सकाळी ते आईपुढे आणून सोडते. शेळी हुंगते. धुराचा वास, गोणपाटाचा वास, माणसाच्या हाताचा वास. जो एक वास हवा तो नाही. ती त्याला उडवते. आपण म्हणतो, पोटच्याला मारते. तिच्या लेखी मात्र ती कुणा परक्याचे करडू आपल्या कासेवरून हाकलते आहे. जी निष्ठुरता आपल्याला दिसते ती तिच्या मायेचीच राखण आहे. कळपात एकाच हंगामात दहा-वीस शेळ्या व्यायल्या तर भुकेली करडे जी कास दिसेल तिला तोंड लावतात. येईल त्याला पाजणाऱ्या शेळीच्या स्वतःच्या करडाला काय उरेल?

जुळ्यांच्या बाबतीत घोटाळा आणखी सोपा आहे. पहिले करडू झाले, शेळी त्याला चाटण्यात गुंग झाली. वीस-पंचवीस पावले ती त्याच्यामागे सरकली, आणि तेवढ्यात दुसरे करडू जुन्या जागी बाहेर पडले तर ते चाटायचे राहून जाते. पहिल्या वेताच्या शेळीत हे अधिक होते. ती बिचारी घाबरलेली असते, अंगातून काय निघाले हेच तिला उमगत नाही, आणि काही वेळा ती उठून पळूनही जाते. तीन करडे झाली तर सडे मात्र दोनच. तेथे सर्वांत अशक्त करडू मागे पडते, आणि जे कासेला भिडत नाही ते आईच्या ओळखीतूनही हळूहळू पुसले जाते.

याहून मोठे कारण भूक. गर्भाची बरीचशी वाढ शेवटच्या दीड महिन्यात होते आणि नेमका तोच काळ आपल्याकडे चाऱ्याच्या टंचाईचा येऊ शकतो. स्कॉटलंडमध्ये गाभण मेंढ्यांना मुद्दाम कमी खुराक देऊन पाहिला तेव्हा, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणे, त्या मेंढ्यांनी पिलांना कमी चाटले आणि त्यांच्याशी अधिक रागाने वागल्या. उपाशी आईच्या कासेत चीकही कमी उतरतो. आणि चीक म्हणजे नुसते दूध नव्हे. शेळीच्या गर्भाला आईच्या रक्तातली रोगप्रतिकारक द्रव्ये पोटात असताना मिळत नाहीत, ती सारी चिकातूनच यायची असतात, आणि करडाचे आतडे ती जेमतेम पहिला दिवसभरच शोषून घेऊ शकते. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला असे काही वृद्ध आपल्यात असतील. २०१६ साली मिरजेहून लातूरला पाण्याची आगगाडी आली, ते तर मुलांनाही आठवत असेल. अशा वर्षांत चारा छावण्या निघतात त्या मुख्यतः गाईबैलांसाठी. शेळीला कोण विचारतो? ती काटेकुटे खाऊन जगते अशी तिची ख्याती, आणि या ख्यातीनेच तिचा घात होतो. जगते खरी, पण पाजण्याइतके तिच्या अंगात उरत नाही.

आणि कधी कधी कारण इतके साधे असते की शास्त्रज्ञाची गरजच नाही. कास सुजलेली असते, दगडीसारखी घट्ट झालेली असते, सडाला चीर पडलेली असते. करडाने तोंड लावले की तिला मरणाच्या कळा येतात आणि ती लाथ मारते. शिव्या देण्याआधी कासेला हात लावून पाहावा, एवढेच.

येथवर नाकारण्याविषयी झाले. मारण्याचे आणि खाण्याचे काय? मांजरी, कुत्री, डुकरीण, उंदरीण यांच्याविषयी आपण हे ऐकतो आणि ते खोटे नाही. पण त्यातही निवड करावी लागेल. बहुतेक सस्तन माद्या वार खातात. मेलेले पिलू जन्मले तर पुष्कळदा तेही खातात. जागा स्वच्छ राहते, वासावर शत्रू येत नाही, आणि अंगातून गेलेले थोडे अंगात परत येते. जिवंत पिलाला चावण्याचे प्रकार डुकरिणीत घडतात, तेही विशेषतः पहिल्या वेताला, भीतीच्या आणि कोंडमाऱ्याच्या स्थितीत. मांजरी पिले घेऊन सात घरे फिरते म्हणतात. ती हौसेने फिरत नाही. जेथे माणसांची पोरे तिची पिले उचलून उचलून पाहतात तेथून ती निघून जाते. निघायला वाट नसेल तेव्हाच अनर्थ होण्याचा संभव.

आणि मांजरीच्या पिलांचा खून सकाळी उघडकीस आला की आळ येतो तो आईवर, वस्तुतः पुष्कळदा तो बोक्याचा उद्योग असतो. या गोष्टीचे मोठे उदाहरण आपल्या शेजारच्या धारवाडचे आहे. तेथील रानात युकिमारू सुगियामा या जपानी शास्त्रज्ञांनी १९६२ च्या सुमारास काळ्या तोंडाच्या वानरांचे, म्हणजे आपल्याच हनुमंताच्या जातीचे, निरीक्षण केले. बाहेरच्या नरांनी टोळीवर हल्ला केला, जुन्या हुप्प्याला घालवले, आणि नव्या धन्याने टोळीतली अंगावर पिणारी पिले एकामागून एक मारली. पुढे अबूच्या डोंगरावर सारा हर्डी या अमेरिकन विदुषीने १९७१ पासून काही वर्षे हेच पाहिले आणि त्याचा अर्थ लावला: अंगावरचे पोर गेले की मादी लवकर माजावर येते आणि नव्या नराची संतती सुरू होते. या प्रकरणात आया काय करीत होत्या? त्या आणि त्यांच्या सोबतिणी अंगावर धावून जात होत्या, पोर पोटाशी घेऊन पळत होत्या. पण दिवसांमागून दिवस तोच नर समोर असेल तर काही आया जखमी पोराला सोडूनही देत. दुरून पाहणाऱ्याला यातला शेवटचा भागच दिसतो, आणि मग ‘वानरीने पोर टाकले’ अशी गोष्ट तयार होते.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. सृष्टीत अशाही आया आहेत की ज्यांच्या नाकारण्यात चूक, भीती किंवा दुखणे काहीच नसते, केवळ हिशेब असतो. मेलेला उंदीर जमिनीत पुरून त्यावर आपल्या अळ्या वाढवणारा एक भुंगेरा आहे. अळ्या जास्त आणि उंदीर लहान असे झाले तर आईबाप जास्तीच्या अळ्या खाऊन संख्या बेताची करतात. आफ्रिकेतल्या काळ्या गरुडाच्या घरट्यात दोन अंडी असतात. थोरले पिलू धाकट्याला टोचून टोचून मारते, आणि आई शेजारी उभी असते. एका घरट्यात तीन दिवसांत दीड हजारांवर टोची मोजल्या गेल्या. तिने एकदाही मध्ये पडू नये याचा आपल्याला संताप येतो. पण दुसरे अंडे हे पहिले फुटले नाही तर असावे म्हणून घातलेले असते. रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी १९७४ साली हे मोठ्या स्पष्टतेने मांडले की आईचे हित आणि एकेका पिलाचे हित हे सर्वस्वी एक नसते. पिलाला सारेच हवे असते आणि आईला या पिलासाठी देताना पुढच्या पिलांसाठी राखावेही लागते. हे वाचताना आम्हांला प्रथम कसेसेच झाले होते. पण दूध सोडवताना बाळ जो आकांत करते तो आठवावा. तो याच तंट्याचा सौम्य, घरगुती नमुना आहे.

आपल्या भागातली पुष्कळ माणसे ऊसतोडीला पश्चिमेकडे जातात, त्यांच्या कामाची एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. जुन्नरकडच्या फडांत बिबट्याची मादी उसातच विते, आणि तोड चालली की कोयत्यापुढे अचानक मांजराएवढी पिले येतात. लोकांची पक्की समजूत अशी की माणसाचा हात लागला की मादी त्यांना घेत नाही. म्हणून कोणी ती घरी नेतात, कोणी वनखात्याच्या स्वाधीन करून मोकळे होतात. प्रत्यक्षात वनखाते आणि माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रातील मंडळी ती पिले तपासून संध्याकाळी त्याच जागी उघड्या खोक्यात ठेवतात, माणसांना दूर करतात, आणि अंधार पडल्यावर मादी येऊन एकेक पिलू तोंडात धरून घेऊन जाते. असे एकदोनदा नव्हे, अनेकदा झाले आहे. पिले हाताळली गेली होती, तरी तिने नेली. शेळीला नवजात पिलाचा वास नव्याने शिकावा लागतो, बिबटीने तो केव्हाच शिकलेला असतो. म्हणून सर्व जनावरांना एकच नियम लावून चालत नाही. पक्ष्यांची तर गोष्टच निराळी. ते बहुधा जागेवरून आणि आवाजावरून पिले ओळखतात, तेव्हा घरट्यातून पडलेले पिलू हाताने उचलून परत ठेवायला काही हरकत नाही.

येथे कोणीतरी विचारील, आणि विचारावेच, की मग माणसाच्या आईचे काय? पशूंवरून माणसाचा निवाडा करू नये असे आमचे मत आहे. माणसाची आई वासाच्या एका घटकेवर अवलंबून नाही. शस्त्रक्रियेने बाळंत झालेली, बाळाला आठवड्याने पाहिलेली, किंवा दत्तक घेतलेली आई तितकीच आई असते. परंतु दोन गोष्टी बोलल्यावाचून राहवत नाही. शेळी पाट आहे की बोकड हे पाहून करडू नाकारीत नाही. येथून हाकेच्या अंतरावर सुरू होणाऱ्या बीड जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील एक हजार मुलांमागे मुली होत्या ८०७. या आकड्याला कोणत्याही पशूचा दाखला देऊन सावरता येणार नाही.

दुसरी गोष्ट बाळंतिणीची. हजार बाळंतपणांत एक-दोन बायकांना पहिल्या काही आठवड्यांत तीव्र मनोविकार होतो. झोप उडते, भलतेसलते भास होतात, बाळ आपले नाही असे वाटते, क्वचित बाळाच्या जिवालाही धोका असतो. सौम्य उदासी तर पुष्कळ जणींना येते. या बाईला लोक बाधा झाली म्हणतात, माहेरी पाठवतात, बाळ सासूकडे ठेवतात. हा आजार औषधाने बरा होतो, आणि तो ओळखण्यात गेलेला प्रत्येक दिवस महाग पडतो. आपल्या देशाच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात असे कलमच आहे की उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालचे मूल, धोका नसेल तर, सामान्यतः वेगळे करू नये. कायदे करणाऱ्यांनी शेळ्या पाळल्या नसतील, पण या बाबतीत त्यांनी शहाणपण दाखवले आहे.

आता पुन्हा शेळीकडे येऊ, कारण आपल्या हातात जे आहे ते तिच्याच बाबतीत आहे. व्याल्यावर पहिला अर्धा तास करडू तिच्या तोंडापुढून हलवू नये. नाकातोंडातला चिकटा काढावा, नाळ पाहावी, आणि बाजूला व्हावे. थंडी असेल तर ऊब त्या दोघांना एकत्र द्यावी. जुळे असेल तर दुसरे करडू स्वतः उचलून तिच्या तोंडाशी ठेवावे, आणि तिचेच चिकट पाणी त्याच्या अंगाला माखावे. तिने चाटायचे टाळले तर करडाच्या अंगावर चिमूटभर मीठ किंवा कोंडा चोळतात; मिठाच्या लोभाने ती जीभ लावते, आणि एकदा जीभ लागली की पुष्कळसे काम होते. धनगर मंडळी पोरक्या कोकराला मेलेल्या कोकराचे कातडे पांघरून दुसऱ्या मेंढीला लावतात, हीच वासाची युक्ती. त्यांनी प्रयोगशाळा पाहिली नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांबरोबर चालून हे ज्ञान मिळवले.

एवढ्यानेही जमले नाही तर शेळीला आखूड दाव्याने अडचणीच्या जागेत बांधावे, दिवसातून चार-पाच वेळा धरून करडाला पाजावे, आणि रात्री दोघांना एकत्र ठेवावे. येथे अमेरिकेतल्या रोझेनब्लाट यांचा १९६७ चा प्रयोग आठवतो. कधीच न व्यालेल्या उंदरिणींपुढे त्यांनी रोज नवी पिले ठेवली. पहिले काही दिवस त्या दूर पळत. आठवड्याच्या आसपास त्या पिलांना चाटू लागल्या, उचलून घरट्यात आणू लागल्या. नुसत्या सहवासाने हे घडले, आणि नरांतही घडले! तेव्हा पहिल्या पाच मिनिटांचे दार बंद झाले तरी मागचे एक दार असते. ते उघडायला दिवस लागतात आणि माणसाला चिकाटी लागते. तीन-चार दिवसांत बहुधा कळते. तोवर चीक पिळून वाटीने किंवा बाटलीने करडाच्या पोटात गेलाच पाहिजे; तिचा नसेल तर दुसऱ्या शेळीचा.

आणि ती शेळी विकू नये. पहिल्या वेताला बावरलेली शेळी दुसऱ्या वेताला पुष्कळदा उत्तम आई होते. एकदा व्याल्याचा अनुभव तिच्या मेंदूत राहतो आणि पुढच्या वेळी करडाशी नाते लवकर जुळते. गाभणपणाच्या शेवटच्या दीड महिन्यात तिला रोज मूठभर भरडा आणि हिरवा पाला मिळावा, व्यायच्या वेळी कुत्री-पोरे दूर असावीत, आणि तिला एक कोपरा असावा. इतके केल्यावरही दोन वेते ओळीने करडू नाकारले तर मग ती दूध द्यायला ठेवावी की विकावी हे ज्याचे त्याने ठरवावे. पहिल्याच वेताला, कासेला हातही न लावता, खाटकाला हाक मारू नये.